राहीबाईची खळ

"पिठाला पोट कळतं, चिंचोक्याला सूत कळतं, आन् लाकडाला निस्तं हुबं ऱ्हायाचं कळतं. ज्याला जे कळतं, त्येच त्येच्याकडनं करून घ्यावं."

हे वाक्य राहीबाई दिवसातून चार वेळा तरी म्हणायची. कुणाची भाकरी करपली तरी हेच, आणि कुणाचा जावई रुसून गेला तरी हेच. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारीला दुसरं काही येत नाही. पण गावातली जुनी माणसं म्हणत, दुसरं काही सांगण्यासारखं उरलंय कुठं?

सातारा जिल्हा संपता संपता आणि सांगली जिल्हा सुरू होता होता जो उघडा माळ लागतो, त्या माळावर कुरणवाडी आहे. पावसाने दोन्ही जिल्ह्यांची अशी समजूत करून दिली होती, की तो पलीकडच्या जिल्ह्यात पडतो आहे. पिकली तर बाजरी, नाही तर धोंडे. पण मेंढरं चांगली निपजत. मेंढरांमागे लोकर आली, लोकरीमागे घोंगडी आली. गावात सहा खड्डेमाग होते. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसे आणि कमरेपासून वरचा तेवढा माणूस जगाला दिसे. अशा त्या सहा अर्ध्या माणसांना मिळून पुरी एक राहीबाई होती.

ती विणत नसे. ती खळ करी.

लोकरीचं सूत म्हणजे भांडकुदळ भाऊबंद. एकेक धागा केसाळ, अंग फुलवून बसलेला. मागावर शेजारी शेजारी ताणले की एकमेकांना धरतात, गुंततात आणि तुटतात. म्हणून उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, आधी खळ पाजावी लागते. ती खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, कुटून त्यांची तांबडी टरफलं काढायची, आतला पांढरा गर रात्रभर भिजत घालायचा, पाट्यावर लोण्यासारखा वाटायचा आणि मग हंड्यात शिजवायचा. गल्लीत खुंट्यांवर ताणा पसरायचा आणि गवताच्या कुंच्याने ही खळ त्याच्या अंगाला चोळायची. उन्हं चढेपर्यंत धागे असे गुळगुळीत, असे समजूतदार होत, की भाऊबंदांनी वाटण्या करून गुण्यागोविंदाने चुली मांडल्यात असं वाटावं.

हे सगळं कुणीही करील. पण हंडा कधी उतरायचा, ते एकट्या राहीबाईला कळे. ती चुलीपुढे पाठ ताठ ठेवून बसे आणि हंड्याकडे बघतसुद्धा नसे. कान देऊन बसे. "बोलतीया अजून," म्हणे. खळीचा रटरटाट जाऊन तो जड, पोटातला हुंकार झाला, की ती चिमूटभर खळ अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं फाकवी. वीतभर तार निघाली आणि तुटताना टोकाला थेंब न राहता तुटली, की हंडा खाली. तीस वर्षं असंच. तिच्या बोटांना कायमची चकाकी आली होती. बाजारात पैसे मोजून घेताना नोटा चिकटत नसत, उलट निसटत, आणि ती त्याचाही दोष नोटांनाच देई.

तिच्या सोप्याला लागून असलेल्या खोलीत नाथाजी मास्तर भाड्याने राहत होता. वय चोवीस, बी.एस्सी., कराडच्या अलीकडच्या एका बागायती गावचा. लहानपणापासून पाटाचं पाणी आणि उसाचं रान बघितलेला. कुरणवाडीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आला, तेव्हा एस.टी.तून उतरल्यावर त्याने कंडक्टरला विचारलं होतं, की गाव अजून पुढं आहे का. आपल्या बी.एस्सी.चा त्याला अभिमान होता. गावात दुसरा बी.एस्सी. नसल्यामुळे तो मोजायला सोपा होता.

पहिल्याच आठवड्यात त्याने राहीबाईला सांगितलं, की तुम्ही कानाने जे करता ते थर्मामीटरने करता येईल. राहीबाईने विचारलं, थर्मामीटर कुठं लावतात. तो म्हणाला, माणसाच्या तोंडात किंवा काखेत. ती म्हणाली, "हंड्याला काख न्हाई, मास्तर."

त्र्याहत्तर साल उजाडलं तेव्हा दुष्काळ गावाच्या घरजावयासारखा बसला होता. विहिरींच्या तळाला बेडकंसुद्धा उरली नव्हती. रेशनवर अमेरिकेच्या लाल ज्वारीचा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापली तर फुटे, भाजली तर वातड होई, आणि खाल्ली तर दोन दिवस आठवण देई. निम्मं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला जात होतं. सहा मागवाले तेवढे वाचले होते, कारण लोकर मंडळ त्यांची घोंगडी विकत घ्यायचं.

धुळा हा त्या सहांतला वडीलधारा. राहीबाईचा पुतण्या, पण स्वतः पन्नाशीला आलेला. दुष्काळाच्या सुरुवातीला, मंडळाचं काम सुरू व्हायच्या आधी, पंधरवडाभर तो खडीवर गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या बोटांची टोकं दगडासारखी झाली होती. मागावर बसला, तर धागा हातात आहे की नाही हेच त्याला समजेना. आंधळ्याने उंबरा चाचपावा तसा तो ताणा चाचपत होता. राहीबाईने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. रोज संध्याकाळी कोमट खळीच्या वाडग्यात त्याचे हात बुडवून ती समोर बसून राही. सव्वा महिन्याने एकदा तो म्हणाला, "आक्का, गाठ लागली हाताला." तेव्हा ती उठली आणि वाडगा विसळायला गेली. त्या दिवसापासून मागाचं काम टिकलं पाहिजे, या सहा जोड हातांना पुन्हा हातोडा लागता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती. बाकी दुष्काळाशी तिचं काही वैर नव्हतं.

आणि अशात मंडळाकडून तीन पोती आली. वर छापील कागद: मक्याची शुद्ध पावडर, खळीसाठी. चिंचोके भाजणे, कुटणे, वाटणे यात वेळ जातो. त्याऐवजी ही पावडर पाण्यात कालवून पाव तास उकळावी. कागद नाथाजीने मोठ्याने वाचला आणि शेवटी आपल्या पदरचं घातलं, की हीच सुधारणा. राहीबाईने पोत्यात हात घातला. पावडर पांढरीशुभ्र होती, आणि चिमटीत दाबली की कोऱ्या वहाणेसारखी करकर वाजत होती.

"गाती तर चांगलं," ती म्हणाली.

तिने कागदात लिहिल्याबरहुकूम केलं. त्यात खोट काढायला जागा ठेवली नाही. पाव तासात खळ झाली, चकचकीत, पांढरी, पाहुण्यांपुढे ठेवावी अशी. ताण्याला लावली. सगळे खुशीत होते. मग लीलाबाईची शेळी आली. लीलाबाई म्हणजे धुळाची बायको, आणि तिची शेळी तिच्यासारखीच सरळ मनाची. शेळीने ताण्याचं एक टोक चाटलं, विचार केला आणि मग दुसऱ्या टोकापर्यंत चाटत गेली. तिला आवरेपर्यंत तिच्या दोन बहिणी आल्या. चाळीस धागे तुटले. तीस वर्षांत कुठल्या शेळीने चिंचोक्याच्या ताण्याला तोंड लावलं नव्हतं.

उरलेला ताणा धुळाने मागावर चढवला. पहिल्याच ठोक्याला धागे पापडासारखे मोडले आणि काळ्या लोकरीवर पांढरा भुगा उडाला. म्हशीला कोंडा झाल्यासारखं ते घोंगडं दिसायला लागलं. तिकडे हंड्यात उरलेली खळ गार होऊन थिजली होती आणि वर पाणी सुटलं होतं. खळ एकीकडे, पाणी एकीकडे, बोलणं बंद.

राहीबाईने त्या दोघांकडे बघितलं आणि निकाल दिला. "शेळीला कळलं, मंडळाला न्हाई. ह्ये पोटाचं हाय, सुताचं न्हाई."

पोती तिच्या घरात पडून राहिली. पण घरात मक्याचं पीठ आहे आणि दारात मिलो खाऊन पोट धरून बसलेली पोरं आहेत, ही गोष्ट तिला जेवू देईना. चौथ्या दिवशी तिने नाथाजीला बोलावून विचारलं, की ह्यात काही औषध-बिवषध घातलंय का.

नाथाजीला हा विषय येत होता. तो खुलला. दारात कडब्याची पेंढी होती, समोर बाभळ होती. तो म्हणाला, की लाकूड, कापूस, कडबा, पीठ हे सगळं मुळात साखर आहे. साखरेचा एकच मणी. हजारो मणी ओवून माळा केलेल्या. फरक ओवण्यात. कडब्यात माळा सरळसोट, एकीच्या अंगाला एक लागून घट्ट बांधलेल्या, ह्या पेंढीसारख्या. आत पाणी शिरत नाही, माणसाच्या पोटातली कात्री त्या गाठीला चालत नाही. म्हणून झाड उभं राहतं. पिठात तेच मणी, पण माळ पिळाची आणि जागोजाग फांद्या फुटलेली, त्या बाभळीसारखी. बाभळीला जितकी टोकं तितक्या शेळ्या एकदम लागतात, आणि बघता बघता झाड साफ. तसं पोट पिठाला सगळ्या टोकांनी एकदम खातं. कणसाने ते दाण्यात साठवलंय तेच मुळी लागेल तेव्हा झटक्यात काढता यावं म्हणून.

राहीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मी म्हंते त्येच."

नाथाजीला कबूल करावं लागलं.

"आन् चिंचोक्याची माळ कशी असती?"

ते पुस्तकात नव्हतं. नाथाजी म्हणाला, की त्याची एवढी काही माहिती नाही, पण त्यात पीठ नसतं हे नक्की. राहीबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की बी.एस्सी.ला आणखी दोन वर्षं घालायला हवी होती असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

लीलाबाईचं मात्र म्हणणं पडलं, की साखर असो का मणी असोत, सरकारी पावडर आहे, कुणाला काही झालं तर? तेव्हा राहीबाईने गूळ आणि शेळीचं दूध घालून वाटीभर खीर केली आणि गल्लीतल्या सगळ्यांसमोर ओट्यावर बसून एकटीने खाल्ली. मग ती तिथेच बसून राहिली. गल्लीही बसून राहिली. दर घटकेला कुणीतरी विचारी, आक्का, काय वाटतंय का? ती म्हणे, वाटतंय, तुमी कामाला जावं असं वाटतंय. नाथाजीही शाळेची मधली सुट्टी लांबवून उभा होता. दुपारी उन्हं कलली तेव्हा राहीबाईने ढेकर दिला. तो ढेकर ऐकून सहा घरांतल्या बायका पातेली घेऊन आल्या.

तीन पोती सहा घरांना शेराने वाटली गेली. तान्ही पोरं असलेल्या घरांना आधी. अडीच महिन्यांत पोरांच्या गालांवर थोडं तेज आलं. नाथाजीने तत्त्व म्हणून दोन दिवस खीर नाकारली आणि तिसऱ्या दिवशी तत्त्व म्हणून खाल्ली. मागांवर चिंचोक्याची खळ चालू राहिली, घोंगडी मंडळाकडे जात राहिली. मंडळाला वाटत होतं पावडर चालली आहे, आणि ती चाललीही होती.

मग पत्र आलं. ते वाचताना नाथाजीचा आवाज आपोआप खाली गेला. बुधवारी मंडळाचे तपासनीस आप्पासो स्वतः येणार होते. दिलेली पावडर खळीला वापरतात की नाही, याची ते आयोडीन टाकून परीक्षा करणार होते. जे मागवाले ती वापरत नसतील त्यांचं नाव कमी करून त्यांना सडकेच्या कामावर पाठवण्यात येईल.

धुळाने आपल्या दोन्ही हातांचे तळवे उघडून बघितले आणि पुन्हा मिटले.

आयोडीन म्हणजे काय, असं सगळ्यांनी विचारलं. नाथाजी म्हणाला, की तो एक खबऱ्या आहे. पिठाच्या माळेचा पिळ असतो ना, त्या पिळाच्या पोकळीत तो जाऊन बसतो आणि निळा होतो. पीठ असलं की निळं, नसलं की तपकिरी. चिंचोक्याला निळं होणार नाही. राहीबाईकडे पावडर उरली होती दोन शेर. धुळा काकुळतीने म्हणाला, की तेवढी तरी हंड्यात टाकू, म्हणजे खबऱ्याचं तोंड बंद होईल.

"माज्या हंड्यात न्हाई," राहीबाई म्हणाली. "दोन शेरात सायबाची खीर हुईल. पावण्याला मिलोची भाकर घालायची व्हय?"

आक्का, त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, असं लीलाबाईने भीत भीत विचारलं.

"इचारलं तर बघू. न इचारता दवंडी कशाला?"

बुधवारी आप्पासो आले. मूळचे माधवनगरचे. गोल चेहरा, काखेत वही, पायांत नवे आणि चावणारे जोडे. एस.टी. त्या दिवशी फाट्यावरच सोडून गेली, आणि तिथून दोन कोस ते जोडे कधी घालत, कधी हातात घेत आले होते. आल्या आल्या म्हणाले, की आधी तपासणी, मग जेवण, हा नियम आहे. तेवढ्यात आतून गूळ आणि दूध आटल्याचा वास आला. आप्पासो म्हणाले, की नियमाला अपवादही असतो.

त्यांनी एक वाटी खाल्ली. मग वाटी पुढं केली, ती आपणहून. खीर कशाची, असं विचारलं. राहीबाई म्हणाली, "पिठाची." आप्पासो म्हणाले, अशी तलम खीर सांगलीतही मिळत नाही. लीलाबाईला हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं.

मग परीक्षा. आप्पासोंनी पिशवीतून औषधाची छोटी बाटली काढली आणि नाथाजीकडे दिली. तुम्ही बी.एस्सी. आहात, तुम्हीच टाका, म्हणजे अहवाल पक्का होईल, असं म्हणाले. नाथाजीने बाटलीचं बूच काढलं. इतके दिवस ज्यांची खीर खाल्ली, त्यांच्याच पोटावर आपल्या हाताने पाय द्यायचा, का साहेबांचं लक्ष चुकवून थेंब बाजूला टाकायचा? राहीबाई समोरच उभी होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. एखादं पोर पाढे चुकतंय का बघावं तशी ती बघत होती.

त्याने सरळ थेंब टाकला.

काही झालं नाही. आणखी टाकला. तरी काही नाही. आप्पासो वाकले, चष्मा वर केला, खाली केला. ताणा काळ्या लोकरीचा होता. त्यावर निळं झालं असतं तरी काळं, तपकिरी झालं असतं तरी काळं. मंडळात परीक्षा ठरवणाऱ्याने कधी घोंगडं पांघरलं नसावं. धुळाचा जीव भांड्यात पडला. पण आप्पासो पुरे सरकारी होते. म्हणाले, हंड्यातली खळ पांढरी आहे, त्यात टाका.

नाथाजीने वाटीत खळ घेतली आणि त्यात तीन थेंब सोडले. आधी तपकिरी झालं. धुळाने डोळे मिटले. मग कडेने हिरवट झाक आली. मग वाटीतली खळ बघता बघता निळी झाली.

सगळ्यांत जास्त दचकला तो नाथाजी. त्याने वाटी उन्हात नेली, सावलीत आणली. निळी ती निळीच. पावडरीच्या निळ्याइतकी गर्द नव्हती, पण निळी. चिंचोक्यात पीठ नाही, मग खबऱ्या बसला कशात?

याचं उत्तर त्याला पुढे दोन महिन्यांनी मिळालं. कराडच्या त्याच्या जुन्या प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं, की चिंचोक्याचा गर आयोडीनने निळा होतो, ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांना सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तेही आधी असेच फसले होते. ते पीठ नव्हे. त्याची माळ कापसासारखी सरळ असते, पण तिला बाजूंनी आखूड काड्या फुटलेल्या असतात. त्यामुळे माळा एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत, मधल्या फटींत पाणी धरून राहतात, गार झाल्या तरी सोडत नाहीत. नाथाजीने ते वाचलं आणि त्याला कुंपणाला रचलेल्या बोरीच्या फांद्या आठवल्या. कितीही दाबा, काट्यांमुळे मध्ये जागा राहतेच. अशा लांबलचक माळा धाग्याच्या अंगाला अंग लावून निजतात, धाग्याचे उभे केस निजवतात, आणि वाळल्यावरही मऊ राहतात. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी आप्पासो निळी वाटी बघून प्रसन्न झाले. ओट्यावर बैठक मारून त्यांनी वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागले, म्हणजे गावालाही कळावं. पावडरीची खळ उत्तम. सदर पावडरीमुळे सूत मऊ, गुळगुळीत आणि चिवट झाले आहे. सहाही माग चालू ठेवावेत.

धुळा हसला. त्याच्या शेजारचे हसले. सहा जोड हात सुटले होते.

आप्पासो पुढे वाचत होते. सबब, यापुढे तालुक्यातील सर्व मागांवर चिंचोक्याची खळ बंद करून पावडरच देण्यात यावी. खळ शिजवण्यासाठी वेगळ्या माणसाची आवश्यकता राहणार नाही.

राहीबाई कुंचा धूत होती. नाथाजी तिच्याकडेच बघत होता, म्हणून त्याला दिसलं, की तिचा हात पाण्यात थांबला. तिने धुळाकडे बघितलं, त्याच्या बोटांकडे बघितलं. गप्प बसली तर हात वाचत होते. पण त्या हातांत उद्या पापडासारखा मोडणारा ताणा येणार होता, आणि एका गावाच्या नव्हे, साऱ्या तालुक्याच्या. ती कुंचा झटकून उठली.

"सायेब, ह्यात पावडर न्हाई. ही चिंचोक्याची खळ हाय."

धुळा जाऊन मागाच्या खड्ड्यात बसला.

आप्पासो म्हणाले, निळी झाली की. राहीबाई म्हणाली, ती का निळी झाली ते मास्तरांना विचारा, पण शिजवली मी आहे. आप्पासोंनी नाथाजीकडे बघितलं. "मला ठाऊक नाही, साहेब," नाथाजी म्हणाला. चार माणसांत हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता.

"मग तीन पोती पावडर गेली कुठं?"

"पोरास्नी घातली. ऱ्हायलेली तुमी खाल्ली. दोन वाट्या."

आप्पासोंचा हात हळूहळू पोटावर गेला आणि तिथेच राहिला. सरकारी मालाचा अपहार, असं काहीतरी ते बोलायला लागले, पण अपहार या शब्दाशी आल्यावर त्यांना स्वतःलाच ढेकर येईल की काय, अशी भीती वाटली असावी. ते थांबले. वही मिटली. उठून समोरच्या ताण्याजवळ गेले. मग त्यांनी बोटं धाग्यावरून फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा डोळे मिटून. त्यांचे वडील माधवनगरच्या गिरणीत ताण्यावर कामाला होते. सुटीच्या दिवशी घरातल्या धोतराच्या काठावरूनही ते असाच हात फिरवत, हे आप्पासोंनी कुणाला सांगितलं नाही. पण सगळ्या सकाळभर बाटली, वही आणि वाटी बघून झाल्यावर त्यांनी सूत आत्ता बघितलं, हे सगळ्यांना दिसलं.

परत येऊन बसले. वही उघडली. वर न बघता विचारलं, "मग काय लिहू, बाई?"

"लिवा, पावडर पचली."

आप्पासोंचा गोल चेहरा ताणला, ताणला, आणि फुटला. ते हसायला लागले ते जोडे गळून पडेपर्यंत हसले. मग डोळे पुसून त्यांनी आधीचं पान फाडलं आणि नवीन लिहिलं: पावडर संपूर्ण उपयोगात आली. खळ चिंचोक्याची, तीच चालू ठेवावी. सूत उत्तम. सहाही माग चालू राहावेत. पावडरीस मागणी नाही.

दाराआडून लीलाबाईचा आवाज आला. "आवं सायेब, मागणी हाय म्हणून लिवा की. लय न्हाई, दोन पोती."

आप्पासोंनी 'नाही'वर रेघ मारून वर 'आहे' लिहिलं.

सही करायच्या आधी त्यांनी खळ करणारीचं नाव काय लिहू, असं विचारायला मान वर केली. राहीबाई तिथे नव्हती. माळावर दुपारचा वारा सुटला होता, आणि असा वारा सुटला की ओढ्याकाठच्या झाडाखाली चिंचांचा सडा पडतो, शेळ्यांच्या आधी जावं लागतं. ती पाटी डोक्यावर घेऊन गल्लीच्या टोकाला पोचली होती. पाठ ताठ, पाऊल सावकाश, मागे वळून बघायचं काही कारण नसल्यासारखं. धुळाने मागाच्या खड्ड्यातून मान उंच करून तिच्याकडे बघितलं. आप्पासो पेन उघडं ठेवून बघत राहिले. ओढ्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली, आणि त्यानंतरही बराच वेळ नाथाजी मास्तर बाटलीचं बूच मुठीत धरून त्या रिकाम्या वाटेकडे बघत उभा होता.